ॲम्प्युल हे माप नव्हे

वॉर्डात पोस्टिंगला आलेल्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांच्या कानावर पहिल्याच आठवड्यात वॉर्डाची भाषा पडू लागते. "सात नंबरला एक लासिक्स दे." "बाराला अर्धी एमिसेट." "त्या सलाईनमध्ये एक केसीएल टाक." सगळेच असं बोलतात, कामही भराभर उरकतं, आणि महिनाभरात विद्यार्थीसुद्धा तेच बोलू लागतात. बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ ही पंचसूत्री मग फक्त व्हायव्हापुरती उरते.

या पाचांत माझ्या मते सगळ्यात निसरडी जागा मात्रेची. डॉक्टर मात्रा लिहितात मिलीग्रॅममध्ये, युनिटमध्ये नाहीतर मिलीइक्विव्हॅलंटमध्ये (क्षारांचं माप). आपण सिरिंजमध्ये भरतो मिली. मधला हिशोब नर्सचा. "एक ॲम्प्युल" (इंजेक्शनच्या औषधाची बंद कुपी) म्हटलं की तो हिशोब कुणीच करत नाही. डॉक्टरांना वाटतं सिस्टरला माहीत आहे, सिस्टरला वाटतं नेहमीचीच ॲम्प्युल आहे, आणि स्टोअरमधून या वेळी वेगळ्या ताकदीचा माल आलेला असतो.

साधं लासिक्स घ्या, लघवी वाढवून अंगातलं पाणी उतरवणारं. नेहमीची ॲम्प्युल २ मिलीची, तिच्यात २० मिलीग्रॅम फ्युरोसेमाइड. केसपेपरवर ४० मिलीग्रॅम असेल तर दोन ॲम्प्युल लागतात. "एक लासिक्स" दिली तर अर्धीच मात्रा गेली, आणि रात्री दम वाढला की औषधाचा गुण आला नाही असं सगळे समजतात. अमिकासिन या अँटिबायोटिकचं याहून वाईट. त्याच्या व्हायल (रबरी बुचाच्या बाटल्या) १००, २५० आणि ५०० मिलीग्रॅमच्या मिळतात आणि तिन्हींत द्रव २ मिलीच असतो. अडीच किलोच्या बाळाला किलोला १५ मिलीग्रॅमने ३७.५ मिलीग्रॅम द्यायचंय असं धरा. १०० च्या व्हायलमधून ते ०.७५ मिली होतं, ५०० च्या व्हायलमधून ०.१५ मिली. काल १०० ची व्हायल होती म्हणून आज ५०० च्या व्हायलमधून सवयीने ०.७५ मिली काढलं, तर बाळाला पाचपट औषध गेलं. हे औषध मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करतं, आणि कानाची इजा बहुधा भरून येत नाही.

म्हणून ॲम्प्युल हातात घेतली की तीन गोष्टी ओठ हलवून वाचायच्या: औषधाचं नाव, एका मिलीत किती, आणि एकूण किती मिली. नुसतं "५०० मिलीग्रॅम" वाचून भागत नाही. मग सूत्र एकच: हवी असलेली मात्रा भागिले हातातली मात्रा, गुणिले ती जेवढ्या मिलीत आहे ते. कागदावर मांडा. मोबाइलवर केलं तरी उत्तर डोक्याने एकदा तपासा. मोठ्या माणसाच्या एका डोससाठी चार-पाच ॲम्प्युल फोडाव्या लागत असतील किंवा बाळाचा डोस २ मिलीच्या वर जात असेल, तर तिथेच थांबा आणि दुसऱ्याला हिशोब करायला सांगा. आपलं उत्तर त्याला आधी सांगू नका. "०.७५ येतंय ना ग?" असं विचारलं की समोरची "हो" म्हणून मोकळी होते.

लेबलवर टक्के लिहिलेले असले की विद्यार्थी गांगरतात. खरं तर गणित सोपं आहे. टक्के म्हणजे १०० मिलीत तेवढे ग्रॅम, म्हणून टक्क्याला १० ने गुणलं की एका मिलीतले मिलीग्रॅम मिळतात. लिग्नोकेन २ टक्के म्हणजे मिलीत २० मिलीग्रॅम. कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के म्हणजे १०० मिलीग्रॅम. मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) ५० टक्के म्हणजे ५०० मिलीग्रॅम. ॲड्रिनलिनवर १:१००० असेल तर १००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजे मिलीत १ मिलीग्रॅम.

इन्सुलिन: लाल टोपी, नारिंगी टोपी

इन्सुलिनसाठी थोडा जास्त वेळ देते, कारण हा गोंधळ आपल्याकडे रोज होऊ शकतो. भारतात इन्सुलिनच्या व्हायल दोन ताकदींच्या आहेत: मिलीत ४० युनिट आणि मिलीत १०० युनिट. सिरिंजही दोन. ४० ची लाल टोपीची, १०० ची नारिंगी टोपीची. ४० च्या व्हायलला ४० ची सिरिंज आणि १०० च्या व्हायलला १०० ची, एवढाच नियम. जोडी चुकली की काय होतं ते आकड्यांत बघा.

ऑर्डर २० युनिटची आहे. व्हायल १०० ची, हातात लाल टोपीची सिरिंज. तुम्ही २० च्या रेघेपर्यंत भरलंत. त्या सिरिंजमध्ये २० ची रेघ म्हणजे अर्धा मिली, आणि १०० च्या व्हायलमधल्या अर्ध्या मिलीत ५० युनिट असतात. रुग्णाला अडीचपट इन्सुलिन गेलं. उलट झालं, म्हणजे ४० ची व्हायल आणि नारिंगी टोपीची सिरिंज, तर २० च्या रेघेला ०.२ मिली येतं आणि त्यात फक्त ८ युनिट असतात. मग साखर उतरत नाही, डॉक्टर डोस वाढवतात, आणि कधीतरी कुणी बरोबर सिरिंज वापरली की रुग्ण घामाघूम होऊन बेशुद्ध पडतो.

टोपी काढून टाकली की रंग गेला. म्हणून सिरिंजच्या नळीवर छापलेलं वाचायचं. इन्सुलिनची सिरिंज संपली म्हणून २ मिलीच्या साध्या सिरिंजमध्ये अंदाजाने भरणं हा प्रकार कधीच करू नका. नवी सिरिंज येईपर्यंत डोस दहा मिनिटं लांबला तर बिघडत नाही. लांबला तसं लिहून ठेवा. आणि ऑर्डर लिहिताना "यु" हे एकटं इंग्रजी अक्षर आकड्याला चिकटवून लिहिलेलं असेल तर ते शून्यासारखं दिसतं, ४ चे ४० होतात. डॉक्टरांना "युनिट" असा पूर्ण शब्द लिहायला सांगा. त्यात उद्धटपणा काही नाही.

दोन इन्सुलिन एका सिरिंजमध्ये घ्यायचे असतील तर क्रम पाळा. समजा रेग्युलर (लवकर काम करणारं) १० आणि एनपीएच (सावकाश काम करणारं) २० युनिट. आधी एनपीएचची दुधाळ व्हायल दोन्ही तळहातांत सावकाश फिरवा. हलवून फेस आणू नका, फेसामुळे मात्रा चुकते. तिच्यात २० युनिट हवा सोडा, पण इन्सुलिन ओढू नका, सुई द्रवाला टेकवूही नका. मग रेग्युलरच्या स्वच्छ व्हायलमध्ये १० युनिट हवा सोडा, व्हायल उलटी धरून १० युनिट ओढा, बुडबुडे टिचकी मारून वर आणून काढून टाका. शेवटी एनपीएचच्या व्हायलमध्ये सुई घालून ३० च्या रेघेपर्यंत या. जास्त ओढलं गेलं तर परत व्हायलमध्ये ढकलायचं नाही, सिरिंज टाकून पुन्हा सुरुवात. स्वच्छ आधी आणि दुधाळ नंतर, कारण रेग्युलरची तीच व्हायल उद्या कुणाला शिरेतून द्यावी लागेल आणि तिच्यात एनपीएचचा थेंबही गेलेला चालत नाही. ग्लार्जिन हे दिवसभर चालणारं इन्सुलिन मात्र दिसायला स्वच्छ असलं तरी कशातही मिसळत नाहीत आणि शिरेतूनही देत नाहीत.

इन्सुलिनची ड्रिप लावताना बहुधा ५० मिली नॉर्मल सलाईनमध्ये ५० युनिट रेग्युलर घालतात, म्हणजे मिलीला एक युनिट. ४० च्या व्हायलमधून हे १.२५ मिली होतं, १०० च्या व्हायलमधून ०.५ मिली. इन्सुलिन प्लास्टिकच्या नळीला चिकटतं, म्हणून सुरू करण्याआधी साधारण २० मिली द्रावण नळीतून वाहू देऊन टाकून देतात. हे केलं नाही तर पहिले काही तास रुग्णाला कमी इन्सुलिन मिळतं आणि पंपाचा वेग उगाच वाढवला जातो.

आणि सुई टोचण्याआधी विचारा, जेवण कुठे आहे? रेग्युलर जेवणाआधी अर्धा तास, ॲस्पार्ट किंवा लिस्प्रो ही झटपट काम करणारी इन्सुलिन ताट समोर आल्यावर. सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवलेल्या रुग्णाला सकाळची नेहमीची मात्रा देऊन टाकणं ही चूक ट्रीटमेंट शीट पाहून होते. रुग्णाकडे पाहिलं तर होत नाही. उघडलेल्या व्हायलवर उघडल्याची तारीख लिहा. २८ दिवसांनी टाकून द्या.

केसीएल

पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची ॲम्प्युल १५ टक्क्यांची असते. वरच्या हिशोबाने तिच्यात दीड ग्रॅम, म्हणजे २० मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम. हे विरळ न करता शिरेतून पुश केलं तर हृदय थांबतं. याला अपवाद नाही, थोडंसं चालेल असंही नाही. प्लास्टिकच्या १० मिली ॲम्प्युलमध्ये डिस्टिल्ड वॉटरही येतं, आणि दोन्ही एकाच ट्रेमध्ये शेजारी पडलेली असतील तर अँटिबायोटिकची पावडर कशाने विरघळवली जाईल याचा भरवसा नाही. म्हणून केसीएल ट्रॉलीवर नकोच. वेगळ्या कप्प्यात, कुलपात, वर लाल अक्षरांत "विरळ करूनच" असं लिहून. तुमच्या वॉर्डात तसं नसेल तर इन्चार्ज सिस्टरना सांगा, विद्यार्थी असलात तरी सांगा.

विरळ करण्यातही चुका होतात. ५०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये एक ॲम्प्युल घातली की लिटरला ४० मिलीइक्विव्हॅलंट होतं आणि हाताच्या शिरेसाठी साधारण हीच वरची मर्यादा. वेग तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटच्या वर नाही, म्हणजे ही बाटली दोन तासांच्या आत संपता कामा नये. त्याहून वेगाने द्यायचं तर मॉनिटर हवा आणि डॉक्टरांची तशी लेखी ऑर्डर हवी.

स्टँडला लटकलेल्या, चालू असलेल्या बाटलीत केसीएल घालणं ही वॉर्डातली सगळ्यात घातक सवय. एकतर बाटलीत किती उरलंय हे कुणी बघत नाही. १०० मिली उरलेल्या बाटलीत तीच ॲम्प्युल घातली तर तीव्रता पाचपट होते. दुसरं म्हणजे केसीएलचं द्रावण सलाईनपेक्षा जड असतं, न हलवता घातलं की ते तळाशी, नळीच्या तोंडापाशी जाऊन बसतं, आणि पहिल्या काही मिनिटांत जवळजवळ पुशसारखंच शिरेत उतरतं. बाटली नवी घ्या, खाली धरा, औषध घाला, आठ-दहा वेळा सावकाश उलटसुलट करा, लेबलवर औषध, मात्रा, वेळ आणि सही लिहा, मगच लटकवा. पोटॅशियम कमी झालेल्या रुग्णाला ते शक्यतो डेक्स्ट्रोजमधून देत नाहीत: साखरेमुळे इन्सुलिन सुटतं आणि पोटॅशियम पेशींच्या आत जाऊन रक्तातलं आणखी खाली येतं.

सुरू करण्याआधी लघवी बघा. किलोला तासाला अर्धा मिली तरी होत असली पाहिजे. लघवी बंद असलेल्या रुग्णाच्या शरीरातून पोटॅशियम बाहेर पडायला वाट नसते. रुग्ण "हात जळतोय" म्हणाला तर वेग कमी करा, शीर बघा. सूज असेल तर ती लाईन लगेच बंद.

मॅगसल्फ

प्रसूतिकक्षात पोस्टिंग असेल तर हे पाठ हवं, कारण रक्तदाब वाढून झटका आलेल्या गरोदर बाईसमोर उभं राहून गणित जमत नाही. ५० टक्क्यांची २ मिलीची ॲम्प्युल म्हणजे १ ग्रॅम. प्रिचर्ड पद्धतीत पहिली मात्रा १४ ग्रॅमची. त्यातले ४ ग्रॅम शिरेतून: चार ॲम्प्युल म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली नॉर्मल सलाईन किंवा डिस्टिल्ड वॉटर, एकूण २० मिली. हे २० टक्क्यांचं द्रावण झालं. घड्याळ लावून किमान ५ मिनिटं द्यायचं, घाई केली तर श्वास मंदावतो. मग दोन्ही नितंबांत ५-५ ग्रॅम: प्रत्येकी पाच ॲम्प्युल, १० मिली, न विरळ करता, खोल स्नायूत. वेदना फार होते म्हणून त्याच सिरिंजमध्ये २ टक्के लिग्नोकेन १ मिली घेतात. इथे चुकून शिरेसाठी विरळ केलेलं स्नायूत आणि स्नायूचं ५० टक्क्यांचं शिरेत जाण्याचा धोका असतो. भरल्या भरल्या सिरिंजला मायक्रोपोर लावून "शिरेतून" आणि "स्नायूत" असं लिहा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा उपकेंद्रातून बाईला पुढे पाठवण्याआधी स्नायूतले १० ग्रॅम तिथेच देतात. ते दिल्याची वेळ आणि मात्रा रेफरल चिठ्ठीवर ठळक लिहिली नाही, तर मोठ्या रुग्णालयात पहिली मात्रा पुन्हा दिली जाते.

नंतर दर ४ तासांनी ५ ग्रॅम, एकाआड एक नितंबात. प्रसूतीनंतर किंवा शेवटच्या झटक्यानंतर, जे उशिरा होईल तिथून २४ तास. प्रत्येक मात्रेआधी तीन गोष्टी: गुडघ्याचा रिफ्लेक्स येतोय, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त, लघवी मागच्या ४ तासांत ताशी किमान ३० मिली. एक जरी नसेल तर मात्रा थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. रिफ्लेक्स आधी जातो आणि श्वास नंतर थांबतो, म्हणून हातोडी नसेल तर हाताच्या कडेने का होईना, गुडघा तपासायचाच. उतारा म्हणजे १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, शिरेतून सावकाश. ही ॲम्प्युल सिरिंजसकट त्या बाईच्या उशाशी ठेवलेली असावी. फार्मसीतून मागवू म्हणायला तेव्हा वेळ नसतो.

त्याच खोलीतल्या, गर्भाशय आकसवून रक्तस्राव रोखणाऱ्या आणखी दोन ॲम्प्युलबद्दल थोडक्यात. ऑक्सिटोसिन आपल्याकडे बहुधा ५ युनिटच्या ॲम्प्युलमध्ये येतं. बाळ जन्मल्यावर स्नायूत द्यायचे १० युनिट, म्हणजे दोन ॲम्प्युल. मेथर्जिन रक्तदाब वाढलेल्या बाईला द्यायचं नाही. दोन्ही फ्रीजमध्ये शेजारी असतात, दोन्ही छोट्या.

मुलांचं तापाचं औषध

पॅरासिटामॉल म्हटलं की सगळे निर्धास्त असतात. पण त्याच्या ड्रॉप्समध्ये एका मिलीत १०० मिलीग्रॅम असतं, तर सिरपमध्ये ५ मिलीत १२५ नाहीतर ५ मिलीत २५०. दहा किलोच्या मुलाला १५० मिलीग्रॅम हवं असेल तर ड्रॉप्स १.५ मिली, १२५ चं सिरप ६ मिली, २५० चं ३ मिली. घरी जाताना आईला "सहा मिली द्या" एवढंच सांगितलं आणि तिच्याकडे घरात ड्रॉप्सची बाटली असली, तर एका वेळी ६०० मिलीग्रॅम जातं. दिवसातून चारदा दिलं तर यकृतावर बेततं. आईला बाटली आणायला सांगा, त्याच बाटलीच्या मापावर पेनने रेघ मारून दाखवा, आणि तिच्याकडून एकदा भरून घ्या.

नवजात बाळाच्या व्हिटॅमिन के मध्येही हाच प्रकार. बाळाला १ मिलीग्रॅम. मोठ्यांची ॲम्प्युल मिलीत १० मिलीग्रॅमची, बाळाची वेगळी. मोठ्यांची वापरावी लागली तर ०.१ मिली, आणि ते १ मिलीच्या सिरिंजनेच मोजता येतं.

थेंब आणि पंप

ड्रिप सेटच्या पाकिटावर एका मिलीला किती थेंब ते छापलेलं असतं. आपल्याकडचे बरेच सेट २० थेंबांचे, काही १५ चे, मायक्रो सेट ६० चा. ५०० मिली ४ तासांत द्यायचं तर २० च्या सेटवर मिनिटाला ४२ थेंब, १५ च्या सेटवर ३१. मायक्रो सेटवर तासाचे मिली आणि मिनिटाचे थेंब एकच आकडा, म्हणून लहान मुलांसाठी तो सोयीचा. थेंब पूर्ण मिनिटभर मोजा, आणि रुग्णाने हात वाकवला किंवा शौचाला जाऊन आला की पुन्हा मोजा. नातेवाईक चाक फिरवतात. का फिरवू नये हे त्यांना एकदा समजावून सांगा.

रक्तदाब वाढवणाऱ्या डोपामिनसारख्या औषधाला पंप लागतो. २०० मिलीग्रॅमची ५ मिलीची ॲम्प्युल ५० मिलीपर्यंत विरळ केली तर मिलीत ४ मिलीग्रॅम, म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. ५० किलोच्या रुग्णाला किलोमागे मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम: ५ गुणिले ५० म्हणजे २५०, गुणिले ६० म्हणजे तासाला १५,०००, भागिले ४००० म्हणजे तासाला ३.७५ मिली. पंपावर दशांशचिन्ह राहिलं तर ३७५. पंपावर आकडा टाकणारी एक आणि वाचून दाखवणारी दुसरी, असं करा. डोब्युटामिनची ॲम्प्युल नावाने आणि दिसण्याने जवळची आहे, ते वेगळं. आणि ही औषधं चालू असलेल्या लाईनमधून पॅन्टोप्राझोल किंवा अँटिबायोटिक ढकलू नका. नळीत साठलेलं डोपामिन एकदम आत जातं, रक्तदाब उसळतो, मग खाली कोसळतो, आणि कारण कुणाला कळत नाही.

वेगाच्या बाबतीत फेनिटॉइन (झटक्यांचं औषध) आणि व्हँकोमायसिन (अँटिबायोटिक) लक्षात ठेवा. फेनिटॉइन फक्त नॉर्मल सलाईनमध्ये, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचे कण धरतात. मिनिटाला ५० मिलीग्रॅमच्या वर नाही, वृद्धांना त्याहून सावकाश, नाडी आणि रक्तदाब बघत. व्हँकोमायसिन १ ग्रॅम किमान २०० मिलीत, किमान एका तासात. घाई केली की चेहरा-मान लाल होते, खाज सुटते, रक्तदाब उतरतो. सेफ्ट्रायॲक्सोन हे अँटिबायोटिक आरएलच्या (रिंगर लॅक्टेट सलाईनच्या) लाईनमधून देऊ नका, त्यातल्या कॅल्शियमबरोबर त्याचा साका होतो. आणि स्नायूत देण्यासाठी लिग्नोकेनमध्ये विरघळवलेलं सेफ्ट्रायॲक्सोन शिरेतून कधीच नाही.

रुग्णापाशी

"तुम्ही शिंदे ना?" असं विचारलं की अर्धवट झोपेतला, कमी ऐकू येणारा, घाबरलेला माणूस "हो" म्हणतो. "काका, तुमचं पूर्ण नाव सांगा" असं विचारा आणि ते केसपेपरच्या आयपीडी नंबराशी, हातातल्या पट्टीशी जुळवा. बेड नंबर ही ओळख नव्हे. दुपारी पंख्याखालच्या खाटेसाठी रुग्ण आपसात जागा बदलतात. रुग्ण किंवा नातेवाईक म्हणाले, "सिस्टर, ही गोळी रोज पांढरी असते, आज पिवळी कशी?" तर गोळी परत ट्रेमध्ये ठेवा आणि तपासा. अशा प्रश्नाने अनेकदा चूक पकडली जाते.

सकाळी दहाची सगळी इंजेक्शनं एकदम भरून, बिननावाच्या सिरिंज किडनी ट्रेमध्ये रांगेने लावून निघणं हे वेळ वाचवण्यासाठी केलं जातं. तिसऱ्या खाटेशी कुणी हाक मारली की रांग चुकते. एका रुग्णाचं भरा, द्या, लिहा, मग पुढचा. दुसऱ्याने भरलेलं, नाव नसलेलं इंजेक्शन देऊ नका, ते कुणीही हातात दिलं तरी. मल्टिडोस व्हायलच्या रबरात सुई खोचून ठेवू नका. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनच्या व्हायलवर ही सुई सर्रास दिसते, आणि संसर्गाशिवाय तिथे दुसरी भानगड आहे: ५ मिलीच्या व्हायलमध्ये एकूण ५,००० युनिटही असतात आणि २५,००० युनिटही. पहिलीत मिलीला १,०००, दुसरीत ५,०००. "एक मिली दे" ही ऑर्डर घेऊच नका.

तोंडी ऑर्डर फक्त इमर्जन्सीत. ऐकलेलं मोठ्याने परत म्हणा, औषध, मात्रा, मार्ग. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून "एक-पाच की पाच-शून्य?" असं विचारा. डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव, वाचता येईल असं आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं असा नियम २०१६ पासून आहे. त्यामुळे न वाचता आलेली ऑर्डर परत विचारताना संकोच नको. दशांशापुढे शून्य हवं (०.५), पूर्णांकामागे नको (५.० चे ५० होतात).

अँटिबायोटिकची टेस्ट डोस निगेटिव्ह आली म्हणजे पुढे काही होणार नाही असं नाही. पहिल्या मात्रेनंतर अर्धा तास रुग्ण नजरेसमोर ठेवा. अंगावर गांधी, आवाज घोगरा, श्वासाला घरघर, रक्तदाब खाली, असं दिसलं की औषध बंद आणि पहिलं इंजेक्शन ॲड्रिनलिन (१:१०००): मोठ्यांना ०.५ मिली, मुलांना किलोला ०.०१ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यभागी, स्नायूत. ५ मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा. अविल (ॲलर्जीचं औषध) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) नंतर येतात. त्यांच्या मागे लागून पहिली मिनिटं घालवणं हीच इथली नेहमीची चूक. आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाला ॲड्रिनलिनची पूर्ण ॲम्प्युल शिरेतून ढकलणं ही दुसरी.

विषबाधेत मात्र वॉर्ड ॲम्प्युलच मोजतो. कीटकनाशक पोटात गेलेला शेतकरी आला की ॲट्रोपिन या उताऱ्याच्या ०.६ मिलीग्रॅमच्या तीन ते पाच ॲम्प्युलपासून सुरुवात होते आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत दर ५ मिनिटांनी मात्रा दुप्पट करत नेतात. तिथे हाताला वेग लागतोच. तरीही एकीने फोडायच्या, एकीने द्यायच्या, आणि तिसरीने वेळेसह मिलीग्रॅममध्ये लिहायचं: १० ॲम्प्युल, ६ मिलीग्रॅम. रिकाम्या ॲम्प्युल एका ट्रेमध्ये राहू द्या, शेवटी मोजून लिहिलेल्याशी ताळा करा. नाहीतर पहाटे रुग्ण बडबडू लागतो, अंग तापतं, पोटातले आवाज बंद होतात, आणि हे विषाने की ॲट्रोपिनने हे सांगायला कागदावर काहीच नसतं.

दिल्यावर लगेच लिहा, देण्याआधी कधीच नाही. दिलं नसेल तर कारण लिहा: उलटी झाली, उपाशी ठेवलंय, नाडी ६० च्या खाली म्हणून डिगॉक्सिन थांबवलं आणि डॉक्टरांना कळवलं. मोकळा सोडलेला चौकोन पुढच्या शिफ्टला "द्यायचं राहिलं" असा दिसतो आणि डोस दोनदा जातो. चूक झालीच तर आधी रुग्ण बघा, मग डॉक्टर आणि इन्चार्जना सांगा, मग घडलं तसं लिहा. विद्यार्थी ओरडा बसेल म्हणून गप्प राहतात, आणि इन्सुलिन जास्त गेल्याची ती पंधरा मिनिटंच डेक्स्ट्रोज देऊन रुग्णाला वाचवण्याची असतात.

औषध बरोबर देऊनही विपरीत परिणाम दिसला तर तो कळवण्याचा अधिकार नर्सलाही आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालणाऱ्या फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा फॉर्म बऱ्याच वैद्यकीय महाविद्यालयांच्या औषधशास्त्र विभागात मिळतो, आणि १८००-१८०-३०२४ हा त्यांचा टोल-फ्री क्रमांक आहे. फॉर्मवर औषधाचा बॅच नंबर लागतो, तेव्हा ॲम्प्युल किंवा व्हायल टाकून देऊ नका.